माशीला आपण किती दिसतो?

पावसाळ्याच्या तोंडावर वाचकांकडून कीटकांविषयी प्रश्न मागवले, तेव्हा बहुतेक पत्रे कपाशी आणि केळीवरच्या किडींबद्दल येतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात भुसावळ, रावेर, शहादा, साक्री अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांत कीटकांच्या नजरेविषयीचे प्रश्न इतके निघाले, की या वेळची सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतो आणि अपुऱ्या उजेडात मधमाश्यांना किती दिसते याचा अभ्यास बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे ही पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली, हे मोकळेपणाने सांगतो.

प्रश्न : माझ्या सहावीतल्या मुलाच्या एका पुस्तकात माशीच्या डोळ्याचे चित्र आहे आणि त्यात एकाच माणसाचे शेकडो चेहरे दाखवले आहेत. माशीला खरोखर एका माणसाच्या जागी हजार माणसे दिसतात का? (एक पालक, भुसावळ)

उत्तर : नाही. माशीला एकच माणूस दिसतो, आणि तोही फार पुसट दिसतो. मात्र पुस्तकातली ही चूक कोणी मनाने रचलेली नाही, म्हणून तिचे मूळ आधी सांगतो.

माशीचा डोळा म्हणजे अनेक बारीक नळ्यांची जुडी असते. या प्रत्येक नळीला आपण नेत्रिका म्हणतो. घरमाशीच्या एका डोळ्यात अशा तीन हजारांहून अधिक, कामकरी मधमाशीच्या डोळ्यात सुमारे ५,०००, तर जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी भिरभिरणाऱ्या मोठ्या चतुरांच्या डोळ्यात २८,००० पर्यंत नेत्रिका असतात. प्रत्येक नेत्रिकेच्या टोकाला स्वतःचे भिंग असते. सूक्ष्मदर्शकाच्या आरंभीच्या काळात लेव्हेनहुक या डच संशोधकाने कीटकाच्या डोळ्याचा वरचा पापुद्रा सोलून त्यातून मेणबत्तीकडे पाहिले, तेव्हा त्याला असंख्य उलट्या ज्योती दिसल्या. त्या खोट्या नव्हत्या, कारण प्रत्येक भिंग स्वतःपुरती प्रतिमा तयार करतेच. परंतु त्या भिंगाखाली जी प्रकाश टिपणारी दांडी असते, ती माशी सोडल्यास बहुतेक दिवसा उडणाऱ्या कीटकांत एकसंध असते आणि तिला त्या चिमुकल्या प्रतिमेतला नाक-डोळ्यांचा तपशील वेगळा काढता येत नाही. ती फक्त आपल्या दिशेकडून एकूण किती आणि कोणत्या रंगाचा प्रकाश आला, एवढेच मेंदूला कळवते. माशीत ही दांडी सुटी सुटी असते, पण तिथेही एकाच दिशेला पाहणाऱ्या शेजारच्या नेत्रिकांमधले संदेश मेंदूकडे जाताना एकत्र जोडले जातात. म्हणजे एका दिशेसाठी एक ठिपका, आणि सगळे ठिपके मिळून एक चित्र. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ही कल्पना १८२६ मध्ये मांडली आणि ती आजही टिकून आहे.

आता हे चित्र किती पुसट असते ते पाहा. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली, तर तिची रुंदी साधारण एक अंश भरते. निरोगी मानवी डोळा या एका अंशाचे साठ भाग वेगळे ओळखतो. माशीच्या शेजारच्या दोन दिशांमधले अंतरच दोन-तीन अंशांचे असते, म्हणून तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यात एक-दोन ठिपक्यांत संपतो. माणसाइतके बारीक पाहणारा संयुक्त, म्हणजे असा नेत्रिकांचा बनलेला, डोळा बनवायचा झाल्यास तो किती मोठा लागेल, याचा हिशेब कूनो किर्शफेल्ड या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये केला. उत्तर आले सुमारे एक मीटर व्यास.

मुलाला हे हाताने करून दाखवता येईल. ठिबक सिंचनाची काळी मायक्रोट्यूब आपल्याकडे कोणत्याही कृषी साहित्याच्या दुकानात मिळते. तिचे बोटभर लांबीचे समान तुकडे करून ते एका उघड्या खोक्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गच्च रचा, मागच्या बाजूला ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा आणि पुढची बाजू उजेडाच्या खिडकीकडे करा. खोक्याला अगदी लागून हात धरला, की कागदावर बोटांची सावली ठिपक्याठिपक्यांनी उमटते. हात वीतभर मागे नेला, की बोटे एकमेकांत मिसळतात आणि नुसता एक गडद डाग उरतो. खऱ्या डोळ्यात नळ्या समांतर नसून गोलाकार पसरलेल्या असतात, एवढा फरक त्याला जरूर सांगा. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे खोके फिरवतो, आणि हात मागे नेल्यावर बोटे हरवतात त्या क्षणी वर्ग गप्प होतो, हे मी दरवर्षी पाहतो.

मग इतके अंधुक दिसणारी माशी आपल्या हाती का लागत नाही, असे तुमचा मुलगा लगेच विचारेल. तिची कमाई वेगात आहे. आपल्याला सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा दिवा अखंड पेटलेला वाटतो, तर माशीला सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा होणारी लुकलुक वेगवेगळी कळते. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि आपण जिच्या प्रकाशात निवांत वाचत बसतो ती ट्यूब माशीच्या लेखी सतत फडफडत असते. आपला हात तिला अस्पष्ट दिसतो, पण तो हलल्याचे फार लवकर कळते.

प्रश्न : कपाशीत आम्ही पिवळे चिकट सापळे लावतो आणि फुलकिड्यांसाठी निळे लावायला सांगतात. किड्यांना खरोखर रंग कळतात का? लाल सापळा का नसतो? (एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : रंग कळतात, पण आपल्याला कळतात तसे नाही. मधमाशीच्या डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी असतात. एक अतिनील, दुसरी निळ्या आणि तिसरी हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. अतिनील आपल्याला मुळीच दिसत नाही आणि लाल तिला रंग म्हणून दिसत नाही. काही फुलपाखरे सोडली तर बहुतेक कीटकांची धाव लाल रंगाच्या अलीकडेच थांबते, म्हणून लाल सापळा त्यांच्यासाठी जवळजवळ काळा फळा होय. फाल्गुनात सातपुड्यात पळस आणि पांगारा फुलतात तेव्हा त्यांच्यावर पक्ष्यांची झुंबड दिसते, ती याच कारणाशी जोडलेली आहे: लाल रंग पक्ष्यांना दिसतो.

पांढरी माशी, मावा आणि तुडतुडे यांना कोवळे पान शोधायचे असते. हिरव्या पानावरून परत येणारा प्रकाश त्यांची हिरवी पेशी जागी करतो आणि निळी पेशी शांत ठेवतो. पिवळा रंग नेमके हेच करतो, पण पानापेक्षा कितीतरी जोराने, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने पिवळा सापळा म्हणजे शेतातले सर्वांत ठळक पान ठरते. फुलकिड्यांच्या बऱ्याच जाती फुलांकडे जातात आणि त्यांना निळा रंग अधिक ओढतो. यातून दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा, कारण ही कीड शेंड्याच्या आसपास वावरते. तसेच उन्हाने विटलेला किंवा धुळीने माखलेला सापळा बदला. तुम्हाला तो अजून पिवळा वाटत असला, तरी किडीला दिसणारा ठळकपणा गेलेला असतो. सापळ्यावरची मोजदाद हा फवारणी कधी करायची हे ठरवण्याचा आधार आहे. केवळ सापळ्यांनी कीड संपेल, असे मात्र मी सांगणार नाही.

प्रश्न : पहिला पाऊस झाला की अंगणातल्या दिव्याभोवती पाखरे का घिरट्या घालतात? आमच्या शाळेत शिकवले होते की ती दिव्याला चंद्र समजतात. (एक निवृत्त शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर : बाई, मीही हेच शिकलो आणि बरीच वर्षे वर्गात हेच सांगितले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानंतर मी माझे टिपण बदलले. संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दिव्याभोवतीचे उड्डाण टिपले, तेव्हा कीटक दिव्याकडे झेपावत नसून उडता उडता आपली पाठ दिव्याकडे वळवत आहेत, असे दिसले. लाखो वर्षे रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे, त्यामुळे जिकडे उजेड तिकडे पाठ ठेवली की शरीर आपोआप सरळ राहते. दिवा शेजारी आला की हीच सवय कीटकाला कलंडवते आणि तो दिव्याभोवती अडकून फिरत राहतो. दिवा खालून वर सोडला, तर कित्येक कीटक उलटे होऊन खाली आदळतात. कण्हेरीवर वाढणारा मोठा हिरवा पतंग त्या प्रयोगात या सापळ्यात सापडला नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. अंगणात पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावला आणि त्याला वरून झाकण घातले, तर पाखरे नक्कीच कमी येतील.

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विच्छेदन बंद झाल्यापासून प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही तक्त्यावरून आकृत्या काढतो. मला कीटकांच्या डोळ्यांवर काम करावेसे वाटते, पण आमच्या प्रयोगशाळेत जुने सूक्ष्मदर्शक सोडले तर काही नाही. पदवीच्या वर्षांत संशोधन करता येते का, की त्यासाठी पुण्या-बंगळूरलाच जावे लागते? (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : तुझ्या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण असे पत्र मी स्वतः कधीतरी लिहायला हवे होते.

मी शिकत होतो त्या महाविद्यालयात झुरळाचे मुखावयव, पचनसंस्था आणि चेतासंस्था एवढे सगळे आम्ही ताटलीत टाचण्या टोचून पाहिले. मुखावयवांची स्लाइड फाटली की गुण जात, म्हणून प्रत्येकाला एकाऐवजी दोन-तीन झुरळे लागत. पदवी हातात पडेपर्यंत या झुरळाला काय दिसत असेल, हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही, याची मला अजून खंत वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतले विच्छेदन थांबवायला सांगितले, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना प्रात्यक्षिक संपले असे वाटले. माझे मत वेगळे आहे. जिवंत कीटकाला इजा न करता त्याच्याकडून उत्तर कसे मिळवायचे, हे शिकवण्यासाठी वेळापत्रकात त्यामुळे प्रथमच जागा झाली; ती तक्त्यांनी भरून टाकणे हे आम्हा शिक्षकांचे अपयश आहे.

आता साधनांचे. चार्ल्स हेन्री टर्नर हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्राणिशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळूनही त्यांना विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही, म्हणून सेंट लुईसच्या समनर हायस्कूलमध्ये ते शिकवत राहिले. तिथे जवळच्या बागेत रंगीत चकत्या मांडून त्यांनी मधमाश्यांना रंग कळतो का हे तपासले आणि १९१० मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. माश्या रंग ओळखतात की त्याचा गडद-फिकटपणा, हा प्रश्न मात्र उरला. १९१४ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी तो सोडवला, आणि त्यासाठी त्यांना लागले ते फक्त कागद: एक निळा चौकोन आणि त्याच्याभोवती फिकटपासून गडदपर्यंतचे राखाडी चौकोन. निळ्यावर साखरपाणी पिऊन गेलेल्या माश्या रिकामा निळा चौकोन सगळ्या राखाड्यांतून निवडत राहिल्या. त्यांना फक्त उजेडाचा कमी-अधिकपणा कळत असता, तर त्यांतल्या एखाद्या राखाडीने त्यांना नक्की फसवले असते. फ्रिश यांना पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हा प्रयोग मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या बागेत करवून घेतो. राखाडी छटा झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणतो, काचबशीत साखरपाणी ठेवतो आणि सातेरी माश्या (आपल्याकडच्या पेटीत पाळता येणाऱ्या मधमाश्या) येऊ लागल्या की त्यांच्या पाठीवर पोस्टर रंगाचा ठिपका देऊन ओळख ठेवतो. पहिल्या तुकडीने हा प्रयोग केला तेव्हा माश्या ठरल्याप्रमाणे निळ्यावरच उतरल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि निष्कर्ष लिहायला घेतला. एका मुलीने मात्र सहज म्हणून निळा चौकोन उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. निम्म्या माश्या जुन्याच जागी येऊन घोटाळत राहिल्या. तिने वहीत लिहिले, ‘रंग लक्षात आहे की जागा?’ आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दर खेपेला चौकोनांच्या जागा बदलू लागलो. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की निळ्यावर साखरेचा आणि आधी येऊन गेलेल्या माश्यांचा वास राहत असेल, म्हणून चाचणीच्या वेळी नवे कोरडे कागद आले. चार सकाळी गेल्या. अभ्यासक्रमातला प्रयोग दोन तासांचा आहे, पण मी ती वही अजून जपून ठेवली आहे आणि दरवर्षी नव्या वर्गाला ते पान उघडून दाखवतो.

तुला आणखी सोपा आरंभ हवा असेल, तर एका काचेच्या बरणीत घरमाशी ठेव आणि बरणीभोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा कागदी गोल हळूहळू फिरव. माशी पट्ट्यांबरोबर वळू लागेल. १९५६ मध्ये हासेनश्टाइन आणि राइकार्ट यांनी एका भुंग्याच्या अशाच वळण्यावरून कीटकाचा मेंदू हालचाल कशी मोजतो याचा गणिती आराखडा मांडला, आणि भुंगा पायांत धरून ज्यावर चालत वळत होता, तो त्यांचा हलका गोल गवताच्या काड्यांचा होता. पट्ट्या बारीक बारीक करत जा. ज्या रुंदीला माशी वळायची थांबते, तिथे तिच्या डोळ्याची मर्यादा जवळ आली असे समज, आणि बरणीच्या मध्यापासून त्या पट्टीचा कोन मोजून वहीत लिही. मोजपट्टी आणि कोनमापक एवढे साहित्य शहाद्यात मिळते.

बंगळूरचे म्हणशील, तर तिकडे जरूर जा, पण वेळ आल्यावर. रात्रीच्या अंधारात रंग ओळखणाऱ्या भुंग्यासारख्या मोठ्या माशीचा शोध आपल्याच महाराष्ट्रात, भीमाशंकरच्या जंगलात लागला आहे. लाकूड पोखरून घर करणारी ही माशी चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, आणि घराच्या तोंडाशी लावलेल्या खुणांचा रंग ती चांदण्यांच्या उजेडात ओळखते, हे हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. त्या उजेडात तुला-मला सगळे करड्या रंगाचे दिसते. आमच्या महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसते, आणि चांदण्या रात्री त्या माश्याही बाहेर पडतात. माझे स्वतःचे काम तिथूनच, टॉर्च विझवून आणि पुरेसे लांब बसून, सुरू झाले. आग्याच्या जवळ तू मात्र एकटीने जाऊ नकोस.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाची सोय आहे. तोपर्यंत थांबू नकोस. येत्या सोमवारी सरांना विचार, की प्रात्यक्षिकाचा एक तास बागेत घेता येईल का. त्यांनी वेळ नाही म्हटले, तर सकाळी सात वाजता बागेत कोणाची हरकत नसते.

प्रश्न : आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर चतुर शेपटी आपटत राहतो. जवळच्या सौर प्रकल्पाच्या पॅनेलवरही लहान किडे घुटमळताना दिसतात. त्यांना काय हवे असते? (एक वाचक, साक्री)

उत्तर : त्यांना पाणी हवे असते आणि ते फसलेले असतात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेत ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः त्या एकाच दिशेत कंप पावतात. आपल्याला हा फरक डोळ्यांनी जाणवत नाही, पण पाण्यात अंडी घालणारे बहुतेक कीटक पाणी ओळखतात ते याच खुणेवरून. गुळगुळीत काळा बॉनेट आणि सौर पॅनेल ही खूण पाण्याहूनही ठळकपणे दाखवतात, म्हणून चतुराची मादी तिथे अंडी टाकते आणि ती उन्हाने सुकून जातात. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की पॅनेलवर पांढऱ्या पट्ट्यांचे चौकोन आखले तर कीटकांचे हे आकर्षण पुष्कळ कमी होते. साक्रीसारख्या उघड्या माळरानावर, जिथे उन्हाळ्यात डबकी मोजकीच राहतात, तिथे ही सूचना गंभीरपणे घ्यावी असे मला वाटते. गाडीला सुती आच्छादन घातले तरी पुरे.

प्रश्न : प्रार्थनाकीटकाच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि मी जिकडे जाते तिकडे तो वळतो. तो माझ्याकडेच बघतो का? (इयत्ता आठवी, चोपडा)

उत्तर : तो ठिपका म्हणजे बाहुली नाही आणि तो हलतही नाही. त्याच्या हजारो नेत्रिकांपैकी ज्या थोड्या नेत्रिकांचे तोंड नेमके तुझ्याकडे असते, त्या तुझ्या दिशेने आलेला प्रकाश आत शोषून घेतात, म्हणून तुला तेवढीच जागा काळी दिसते; बाकीच्या नेत्रिका तुझ्याकडे कडेने असतात आणि त्यांच्यामधला हिरवा रंग दिसतो. तू सरकलीस, की तुझ्याकडे तोंड असलेल्या नेत्रिका बदलतात. तेव्हा तो तुझ्याकडे बघत आहे, हे अर्ध्याने खरे आहे: डोळ्याचा तेवढा भाग तुझ्यावर रोखलेला आहेच. सूर्य मावळल्यावर पुन्हा जाऊन पाहा. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लाव म्हणजे त्याला त्रास कमी होईल. दिवसा हिरवे असलेले त्याचे दोन्ही डोळे तेव्हा सबंध काळसर झालेले असतील. ते किती वाजता काळे होऊ लागतात ते तीन संध्याकाळी घड्याळ लावून मोज आणि मला कळव.